पाण्याबाहेरचं एक वर्ष

शिट्टी पुन्हा वाजली, तशी शाल्मलीनं डोक्यावरची उशी उचलून भिंतीवर भिरकावली.

रविवारची सकाळ. आठवडाभर ऑफिसनं पिळून काढल्यावर मिळालेली एकुलती एक झोपेची सकाळ! बंगळूरच्या महादेवपुऱ्यातल्या त्या उंच इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट तिनं मोठ्या हौसेनं घेतला होता. का, तर खिडकीतून पोहण्याच्या तलावाचं निळं पाणी दिसतं. त्या निळ्या पाण्याकाठी उजाडता उजाडता कुणीतरी शिट्ट्या फुंकतं, हे मात्र एजंटनं शिताफीनं लपवलं होतं.

ती तशीच खाली उतरली. केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले, आवाज मात्र पूर्ण जागा.

"एक्स्क्यूज मी! यहाँ लोग सोते भी हैं!"

काठावरचा तो माणूस वळला. उंच, सावळा, ओल्या खांद्यावर पंचा टाकलेला. ओठांत शिट्टी. त्यानं शिट्टी काढली, तिच्याकडे एक बोट दाखवून 'एक मिनिट' असं खुणावलं आणि पाण्यातल्या एका चिमुरडीला ओरडून सांगितलं, "अगं, पाय हलव की! पाय! हातांनी काय पोळ्या लाटतेस?"

शाल्मलीचा राग मध्येच अडखळला.

"तुम्ही... मराठी?"

"घरी मराठी. बाहेर कन्नड." तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "आणि रागावलेल्या माणसांशी हिंदी. पण तुमी मराठीत रागवा, चालतंय."

"पुण्याचे वाटत नाही तुम्ही."

"अय्यो, पुणं बघितलंय कुणी! आमी इथलेच. आमच्या लोकांना इथं येऊन तीन-साडेतीनशे वर्षं झाली म्हणतात."

"मग इतक्या वर्षांत शिट्टी हळू वाजवायला शिकला नाहीत?"

"हळू वाजवली तर पोरांना ऐकू येत नाही." त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "पण पाण्याखाली एकदम शांत असतं हं. तुमच्या खोलीपेक्षा शांत. येऊन बघा एकदा."

"मला पोहता येत नाही."

"म्हणूनच झोप मोडते तुमची. ज्यांना येतं ते या वेळी पाण्यात असतात."

ती ताडताड परत निघाली. लिफ्टच्या आरशासमोर उभी राहिल्यावर तिला दिसलं, एका पायात निळी चप्पल होती, दुसऱ्या पायात काळी. त्यानं नक्की पाहिलं असणार... आणि बोलला नाही. तिला एकटीलाच खुदकन हसू आलं.

पुढच्या रविवारी शिट्टी वाजली तेव्हा ती आधीच काठावर बसलेली होती.

त्याचं नाव हयवदन. एके काळी तो राज्याच्या संघातून पोहायचा. मग खांदा निखळला, शस्त्रक्रिया झाली, शर्यती संपल्या. त्या नादात बी.कॉम. अर्ध्यावर सुटलं ते सुटलंच. आईवडील लवकर गेलेले. बँकेत नोकरी करणाऱ्या मोठ्या बहिणीनं, स्मृतीअक्कानं, त्याला वाढवलं होतं. हनुमंतनगरच्या तिच्या घरून तो पहाटे स्कूटरवर निघायचा आणि इथं येऊन सकाळी पोरांना, दिवसा कुणी आलंच तर मोठ्यांना, संध्याकाळी पुन्हा पोरांना शिकवायचा. हे सगळं त्यानं तिला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. ती पाण्यात गळ्यापर्यंत उभी राहून थरथरत असताना, तिचं लक्ष भीतीवरून हटावं म्हणून.

लहानपणी आत्येभावांनी तिला गंमत म्हणून विहिरीत ढकललं होतं. तेव्हापासून पाणी नाकाशी आलं की तिचा श्वासच थांबायचा.

"आज फक्त आडवं व्हायचं," तो म्हणाला. "माझा हात पाठीखाली आहे."

"काढणार तर नाही ना?"

"काढणार. पण सांगून काढणार. न सांगता कधी नाही."

ती आडवी झाली. कान पाण्यात बुडाले आणि जग एकदम दूर गेलं. पाठीखाली एक तळहात — घट्ट नाही, सैल नाही, नुसता असलेला.

"वर काय दिसतंय?"

"आकाश."

"अजून?"

"विमान..."

"कुठं चाललंय?"

"पुण्याला असेल."

"सरी, बरं. त्याला जाऊ दे. तुमी इथंच राहा," तो म्हणाला, आणि मग अगदी हळू, "मी हात काढतोय हं."

त्यानं हात काढला. ती बुडाली नाही. डोळ्यांच्या कडेनं पाणी ओघळत होतं. ते तलावाचं होतं की तिचं, कुणास ठाऊक.

त्या दिवसापासून शिकवणी संपल्यावर कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, उंच टेबलांच्या छोट्या हॉटेलात, उभ्याउभ्या कॉफी प्यायची, असं आपसूकच ठरून गेलं. स्टीलच्या वाटीतून पेल्यात, पेल्यातून वाटीत कॉफी ओतत तो तिला कन्नड शिकवायचा. ती त्याला पुण्याचं मराठी शिकवायची आणि त्याच्या 'तुमी'ला हसायची. हसता हसता एक दिवस ते 'तुमी' गळून 'तू' झालं, ते दोघांनाही जरा उशिरानंच कळलं.

"शाल्मली," एकदा तो कॉफीकडे बघत म्हणाला, "तू मला आवडतेस... स्वल्प."

"स्वल्प म्हणजे?"

"थोडंसं."

"थोडंसंच?" तिनं भुवया उंचावल्या.

"इथलं स्वल्प गं. आमच्यात स्वल्प म्हणतात आणि पातेलंभर वाढतात."

तिनं नुसता आपला पेला त्याच्या पेल्याला टेकवला. शेजारी डोसा खाणारे एक गृहस्थ उगाचच दुसरीकडे बघू लागले.

ते दिवस हलके होते. ऑफिस बेळ्ळंदूरला, रिंग रोडच्या गर्दीत कॅब तासन्‌तास उभी असायची, तरी शाल्मलीचं डोकं तापत नसे. संध्याकाळी परतली की ती आधी तलावाशी थांबायची. त्या वेळी मुलांची बॅच आटपून हयवदन वासुदेवकाकांना पाण्यात चालवत असे. काका मूळचे नागपूरचे, मुलाकडे राहायला आलेले. अर्धांगवायूमुळे ते उजवा पाय ओढत चालायचे. जमिनीवर काठी लागायची. पाण्यात मात्र ते हयवदनच्या खांद्यावर हात ठेवून चक्क चालायचे. आणि वर पोरांना दम द्यायचे, "बाजूला व्हा रे, ट्रेन आली!"

एके दिवशी आईचा फोन आला. एक स्थळ होतं, कॅनडातलं. शाल्मलीनं घाईघाईनं सांगून टाकलं, "आई, माझ्या मनात आहे एक जण."

"अगंबाई! काय करतो?"

तलाव खिडकीतून दिसत होता. हयवदन एका पोराच्या पोटाखाली हात धरून उभा होता.

"स्पोर्ट्स मॅनेजमेंटमध्ये आहे," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिला स्वतःचाच आवाज कुणा दुसरीचा वाटला. 'पोहायला शिकवतो.' दोनच तर शब्द. पण पुण्यातली बैठकीची खोली, सोफ्यावर मावशी, काकू, आणि 'हो का... अच्छा...' म्हणून खाली वळणाऱ्या त्यांच्या नजरा... त्या नजरांच्या विचारानंच तिला कसंतरी झालं.

तशातच मेट्रो स्टेशनबाहेर तिला ती जाहिरात दिसली. जयनगरच्या एका कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळचा प्रोग्रॅमिंगचा सर्टिफिकेट कोर्स, मुदत एक वर्ष. बारावी पास पुरे. फी परवडण्यासारखी. तिथल्या तिथे उभं राहून तिनं जाहिरातीचा फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात तिनं तनयला विचारलं. तनय तिच्या टीममधला. नव्या लोकांच्या मुलाखती तोच घ्यायचा.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "वर्षभराचं सर्टिफिकेट बघून रेझ्युमे आमच्याकडे बाजूलाच पडतो. त्यात आता नवशिक्यांचं निम्मं काम मशीनच करतं. एखाद्याला मिळतं काहीतरी, पण ते सपोर्टमध्ये, कंत्राटावर. ज्याला मनापासून शिकायचंय त्यानं जरूर करावं. पण नोकरीच्या आशेनं हातातलं सोडून? मी तरी नाही सांगणार कुणाला. कोणासाठी विचारतेस?"

"एक... ओळखीचा आहे."

त्याच संध्याकाळी, पोरं गेल्यावर, ती हयवदनशेजारी पाण्यात पाय सोडून बसली. तिनं सगळं मांडलं. पुण्याच्या मुलीसारखं, नीटनेटकं. एक वर्ष जाईल, पण एकच वर्ष. संध्याकाळची बॅच सोडावी लागेल, तेवढी कमाई बुडेल. पण पुढे नोकरी लागली की दोनेक वर्षांत सगळं भरून निघेल. खांदा दुखतोय, तो काय म्हातारपणापर्यंत साथ देणार आहे? सोसायटीवाले उद्या स्वस्तातला कोच आणतील, मग?

तो ऐकत होता. पाण्यातला पाय हळूहळू फिरवत.

"वासुदेवकाकांचं काय?"

"दुसरं कुणीतरी येईल ना."

"हं..." तो थांबला. "आणि हा कोर्स करून किती जणांना लागते गं नोकरी?"

"लागते की," शाल्मली म्हणाली. ती पाण्याकडे बघत होती. "बऱ्याच जणांना."

पंपाची घरघर तेवढी चालू होती.

"तुला वाटतं, मी करावं?"

"मला वाटतं, तू यापेक्षा मोठं काहीतरी करू शकतोस."

'यापेक्षा' म्हणताना तिचा हात नकळत तलावाकडे गेला होता. त्यानं त्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"सरी," तो म्हणाला. "करू या."

आणि तिनं आनंदानं त्याच्या ओल्या खांद्यावर डोकं टेकवलं.

पहिले काही महिने मजेचे गेले. रविवारी दुपारी ती त्याला शिकवायची. तिच्या छोट्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी शेजारी दोन खुर्च्या, टेबलाखाली एकमेकांना लागणारे गुडघे. "लूप म्हणजे तुझ्या पोरांच्या फेऱ्या," ती सांगायची. "भिंतीला हात लागला की वळायचं, दमली की थांबायचं." तो हसायचा. "हे कळलं. हे कॉलेजात असं का नाही सांगत?"

पण पहाटे उठून तलाव, तिथून दिवसभराचे वर्ग — कारण संध्याकाळची घट भरून काढायला त्यानं आणखी एका सोसायटीचं काम धरलं होतं — आणि मग मेट्रो बदलत जयनगर. वर्गात बहुतेक पोरं त्याच्याहून दहा वर्षांनी लहान. त्यांची बोटं भराभर चालायची. तो मागच्या बाकावर बसून एकेक ओळ जुळवायचा. दर्शिनीतली कॉफी आधी आठवड्यातून एकदा झाली, मग महिन्यातून. भेटले तरी तो पेंगायचा. आणि शाल्मली समजूत घालायची, "थोडेच दिवस राहिले रे."

एका रविवारी तो तासभर एकाच चुकीवर अडला होता. शाल्मलीला ऑफिसचं काम होतं, डोकं दुखत होतं. ती पटकन बोलून गेली, "अरे, इतकं सोपं आहे! लहान मुलालाही कळेल!"

त्याची बोटं थांबली. थोड्या वेळानं लॅपटॉप मिटून तो म्हणाला, "आज नको. साकु. पुरे."

तो गेल्यावर ती खिडकीशी उभी राहिली. विहिरीतल्या भीतीनं ती महिनोन्‌महिने त्याच्या हाताला नखं रुतेपर्यंत धरून राहिली होती. त्या सगळ्या दिवसांत तो एकदाही, एकदासुद्धा, 'इतकं सोपं आहे' असं म्हणाला नव्हता. तिला फोन करावासा वाटला. पण मीटिंग सुरू झाली होती.

लिफ्टमध्ये कधीतरी वासुदेवकाका भेटले. चाकांच्या खुर्चीत. संध्याकाळचा नवा कोच पोरांपुरता चांगला होता. काकांना पाण्यात उतरवायची जोखीम घ्यायला तो तयार नव्हता.

"आमचा हयवदन शिकतोय म्हणे," काका म्हणाले. "छान, छान. त्याला सांग, मी मजेत आहे." आणि मजला येईपर्यंत ते दाराकडेच बघत राहिले.

शाल्मलीनं तो निरोप हयवदनला सांगितला नाही. काय सांगणार होती?

तो पास झाला. फार चांगल्या नाही, पण बऱ्या गुणांनी. पुढचे काही महिने नुसते अर्ज, नुसती वाट बघणं. शेवटी व्हाइटफील्डच्या एका लहानशा कंपनीत, सपोर्टमध्ये, सहा महिन्यांच्या कंत्राटावर काम मिळालं. पगार तलावावरच्या कमाईहून फारसा वेगळा नव्हता. पण गळ्यात ओळखपत्र आलं. शाल्मलीनं त्या ओळखपत्रासकट त्याचा फोटो काढला आणि पुण्याला पाठवला. सकाळची बॅचही त्यानं सोडली.

आई-बाबा बंगळूरला आले ते गुलाबी फुलांच्या दिवसांत. रस्त्याकडेची झाडं पानं टाकून नुसती फुललेली होती. आई टॅक्सीतून सारखी "बघा हो, बघा हो" करत होती. इंदिरानगरच्या एका हॉटेलात चौघं जेवायला बसली. हयवदन इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. आईनं त्याचं मराठी ऐकलं आणि ती विरघळलीच. बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. त्यांनी जेवता जेवता विचारलं,

"कंपनीत नेमकं काय काम असतं तुमचं?"

"लोकांच्या तक्रारी येतात, काका. त्या वाचायच्या आणि बरोबर माणसाकडे पाठवायच्या."

"सपोर्ट इंजिनिअर आहे तो," शाल्मली म्हणाली.

"आणि त्याआधी काय करत होतात?"

हयवदनचा चेहरा उजळला. सबंध जेवणात पहिल्यांदाच. चमचा खाली ठेवून तो पुढे झुकला. "त्याआधी मी —"

"असंच, छोटं-मोठं काहीतरी," शाल्मली घाईघाईनं म्हणाली. "बाबा, ही कोसंबरी घ्या ना. खास इथली आहे."

बाबांनी कोसंबरी घेतली. आई फुलांबद्दल बोलू लागली. शाल्मलीनं नजर वर केली, तेव्हा हयवदन तिच्याकडे बघत होता. रागानं नाही... ओळख पटत नसल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी आई-बाबांना विमानतळावर सोडून ती थेट दर्शिनीत आली. तो आधीच येऊन थांबला होता. समोरची कॉफी निवून तिच्यावर साय धरली होती.

"बाबा हो म्हणाले!" तिला धाप लागली होती. "आईला तर तू इतका आवडलास —"

"कोण आवडला?"

"म्हणजे?"

"त्यांनी ज्याला पसंत केलं ना, शाल्मली, त्याला मी पण अजून नीट ओळखत नाही. आणि मी ज्याला ओळखतो, त्याचं नाव तू त्यांच्यासमोर घेऊ दिलं नाहीस."

"हयवदन, तेवढ्यावरून? मी घाबरले होते रे. मी हे सगळं आपल्यासाठीच केलं. तो कोर्ससुद्धा —"

"कोर्सचं मला माहीत होतं."

त्यानं कॉफीवरची साय बोटानं बाजूला केली.

"माझ्या बॅचमधल्या पोरांचे बाप कोण असतात? सगळे मॅनेजर. तू सांगितलंस, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी विचारलं. सगळ्यांचं एकच — एवढ्यावर कुणी घेत नाही, उगाच वर्ष घालवू नकोस."

"मग... मग का केलंस?"

"तू 'बऱ्याच जणांना' म्हणालीस तेव्हा पाण्याकडे बघत होतीस. तुला खोटं बोलता येत नाही गं. मी मनात म्हटलं, हिला हे इतकं हवंय की ही माझ्याशी खोटं बोलतेय." तो ओढूनताणून हसला. "माझ्यासाठी इतकं काही कुणाला कधी हवंच नव्हतं. म्हटलं, एक वर्ष तर आहे. देऊन टाकू."

तिनं त्याचा हात धरला. त्यानं तो सोडवून घेतला नाही. पण त्या हातात काहीच नव्हतं.

"मी बाबांना सगळं सांगते. आत्ता फोन करते."

"आत्ता नको. आत्ता मला थांबवायला म्हणून सांगशील." त्यानं हळूच तिची बोटं बाजूला केली. "मी जातोय, शाल्मली. कंत्राट संपलं की कंपनी पण सोडतोय. तुझ्यावर राग नाही. राग आला असता तर बरं झालं असतं... परत तरी आलो असतो."

तो गर्दीतून स्कूटर काढत गेला. ती उंच टेबलाशी उभीच राहिली. पोऱ्या येऊन टेबल पुसून गेला, तेव्हा तिनं फक्त पेला उचलून धरला आणि पुन्हा तिथंच ठेवला.

त्यानंतर तिनं किती मेसेज लिहिले आणि खोडले! एक-दोन पाठवले. उत्तरं यायची, सौम्य, छोटी, दारं लावून घेतल्यासारखी. मग तीही थांबली. कॅनडाचं स्थळ परत विचारायला आलं, तेव्हा मात्र तिनं बाबांना फोन लावला.

"बाबा, हयवदन पोहायला शिकवायचा. आमच्या इथल्या तलावावर. मला... मला ते सांगायची लाज वाटली."

बाबांच्या मागे आईच्या कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली.

"तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"म्हणालो असतो कदाचित," बाबा म्हणाले. "एकदा. मग आलो असतो तुझ्याकडे, त्याच्या तलावाशी जाऊन बसलो असतो, बघितलं असतं कसा माणूस आहे ते. बाप काय पहिल्या शब्दावर संपतो का गं? मला विचारायचं तरी होतंस."

ती फोन धरून रडली. बाबा तिकडे नुसते "हं... हं..." करत राहिले.

त्या शनिवारी ती हनुमंतनगरला गेली. स्मृतीअक्कानं दार उघडलं, क्षणभर बघितलं, आणि बाजूला होऊन म्हणाली, "ये गं. आत ये. उन्हातून आलीस."

हयवदन म्हैसूरला होता. तिथल्या एका शाळेच्या तलावावर त्याला काम मिळालं होतं, राहायला खोलीसकट. "बरा आहे," अक्का म्हणाली. "पोरांचं टायमिंग सगळं कम्प्युटरवर ठेवतो म्हणे. स्वतःच लिहिलंय ते. शाळेतले लोक कौतुक करतात." मग जरा थांबून, "तो कोर्स अगदीच वाया नाही गेला हं. मनाला लावून घेऊ नकोस."

शाल्मलीला वाटलं, अक्कानं दोन शब्द कठोर बोलायला हवे होते. सोपं गेलं असतं.

"बोलतेस त्याच्याशी?" अक्कानं विचारलं, आणि तिनं मान डोलावल्यावर फोन लावून तिच्या हातात दिला.

तिनं सांगितलं. बाबांना सांगितल्याचं, बाबा काय म्हणाले त्याचं. एका दमात, अडखळत, कुठंही स्वतःची बाजू न घेता.

"चांगले आहेत तुझे बाबा," शेवटी तो म्हणाला.

"हो."

"आपण उगाच घाबरलो."

"तू नाही. मी."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हयवदन... मी येऊ म्हैसूरला?"

"ये की. राजवाडा बघ, चामुंडी बघ. दसऱ्यात ये, छान असतं." मग त्याचा आवाज खाली उतरला. "पण माझ्यासाठी नको येऊ. तू समोर असलीस की मला माझीच लाज वाटायला लागते गं. आधी नव्हती वाटत. ती आता कुठं जात नाही. मी प्रयत्न केला... खरंच केला."

शाल्मलीनं डोळे मिटले. तिला खूप काही म्हणायचं होतं; पण त्यातलं प्रत्येक वाक्य त्याच्यापेक्षा स्वतःसाठीच होतं, हे तिला कळत होतं.

"सरी," ती म्हणाली.

फोन ठेवताना इथले लोक विचारतात तसं त्यानं विचारलं, अगदी हळू, "ऊटा आयता? जेवलीस?"

"हो. झालं जेवण."

फोन बंद झाला. तिनं तो दोन्ही हातांनी अक्कापुढे धरला. सकाळपासून तिच्या पोटात कॉफीशिवाय काही नव्हतं.

अक्कानं तिच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं. उठून स्वयंपाकघरात गेली, आणि ताट घेऊन भात वाढायला लागली.